निफाडच्या गारठ्यात एपॉक्सी

सकाळी 7. डिसेंबरात निफाडचा पारा सहज दहाच्या खाली जातो, आणि जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे पॅकहाऊसचं फ्लोअरिंग याच गारठ्यात उरकावं लागतं. साधा पॉलिअमाइड हार्डनर 10 अंशांखाली फार सुस्तावतो. म्हणून प्रायमरसाठी फिनाल्कामाइन आणलंय. काजूच्या टरफलाच्या तेलातून कार्डानॉल निघतं, त्यापासून हे बनतं. त्याच्या रेणूतला फिनॉल गट थंडीतही अभिक्रिया पुढे रेटतो आणि लांब कार्बनसाखळी ओल दूर ठेवते. 5 अंशांच्या आसपासही हे सेट होतं. रंग मात्र तांबूस, म्हणून वरच्या थराला वेगळा हार्डनर.

8. रात्रीच्या थंडीनं रेझिन साजूक तुपासारखं रवाळ झालंय. डबे गरम पाण्यात ठेवले. एकही कण न उरता रेझिन नितळ झालं, तरच ते वापरायचं.

9. हवा 11 अंश, आर्द्रता 80 टक्के, म्हणजे दवबिंदू 8 च्या जवळ. कोबा 9 अंशांवर. कोबा दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा, म्हणून थांबलो. कुणीतरी गॅसचा ब्लोअर आणला, तो बाहेरच ठेवायला सांगितला. गॅस जळताना वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. त्यांच्याशी हार्डनरमधल्या अमाइनची गाठ पडली की पृष्ठभागावर पांढरट, तेलकट थर येतो आणि पुढचा कोट धरत नाही. विजेचे हीटर लावले.

11. हवा 18, आर्द्रता 50 टक्के, कोबा 12. आता दवबिंदू साडेसातच्या आत. काम सुरू.

‘दादा, थंडी आहे, हार्डनर जरा जास्त टाकू का?’ मिक्सिंगवरचा पोरगा विचारतो.

‘अजिबात नाही. जास्तीच्या हार्डनरला जोडीला रेझिनच मिळत नाही. तो तसाच मोकळा राहतो आणि कोट मऊ, चिकट पडतो. घाई हवी असेल तर हार्डनरची जात बदलायची, माप नाही.’

बादलीच्या कडा आणि तळ खरवडून त्यानं मिश्रण एकजीव केलं. बादलीत ते स्वतःच्या उष्णतेनं तापत जातं, म्हणून लगेच जमिनीवर ओतून स्क्वीजीनं ओढलं, मागून रोलर फिरवला.

4. ऊन उतरायच्या आत शेवटची बादली संपवली. संध्याकाळी कोबा पुन्हा गार होतो, ताज्या कोटवर दव धरतं.

6. दुपारी मारलेल्या पट्ट्यावर अंगठा दाबला. ठसा उमटतो, बोटाला काही लागत नाही. हीटर रात्रभर चालू राहतील. उद्या पृष्ठभाग कोमट पाण्यानं पुसून वरचा कोट.

7. मालकांचा फोन. क्रेट कधी आत घेऊ? वरचा कोट वीस-पंचवीस अंशांत सात दिवसांनी पूर्ण ताकद धरतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की वेळ ढोबळमानानं दुप्पट. दोन आठवडे फोर्कलिफ्ट आणू नका, असं स्पष्ट सांगितलं. आज वाचवलेला आठवडा भर हंगामात जमीन उखडली तर कितीतरी महागात पडेल. ते थोडे नाराज झाले, पण तयार झाले.