रिकामी परतणारी मालमोटार

भिवंडीच्या वखारींतून सकाळीं निघालेली मालमोटार सायंकाळीं रिकामी परत आली, तर त्या परतीचा खर्च कोण सोसतो? मोटारमालक तो जातांनाच्या भाड्यांत मिळवूं पाहतो. व्यापारी तो मालाच्या किंमतीवर चढवितो. अखेर घरीं तांदूळ, साबण किंवा औषध आणणाऱ्या गृहस्थाच्या खिशांतूनच त्याची भरपाई होते.

हा अपव्यय टाळण्यासाठीं आज मोठे कारखानदार व वाहतूक कंपन्या संगणकाचें साह्य घेतात. माल कोणत्या वाहनानें, कोणत्या वाटेनें व केव्हां धाडावा, हें ठरविणाऱ्या सॉफ्टवेअरला धंद्यांत ‘टी. एम. एस.’ म्हणतात. नांव नवें असलें, तरी काम जुनेंच आहे. पूर्वी तें मुनीम व मुकादम वहीवरून आणि अनुभवावरून करीत.

मग यंत्र कशाला? कल्पना करावी कीं, एका मोटारीला दहा दुकानांत माल उतरवावयाचा आहे. कोणत्या दुकानीं आधीं जावें व कोणत्या नंतर, याचे क्रम किती होतील? छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशें! दुकानें बारा झालीं, तर हीच संख्या ४७,९०,०१,६०० होते. एवढे क्रम पडताळून पाहणें कोणत्याहि मुकादमाच्या आवांक्यांतलें नाहीं.

१९५९ सालीं जॉर्ज डँट्झिग व जॉन रॅम्सर यांनीं अमेरिकेंत हा प्रश्न प्रथम गणिताच्या भाषेंत मांडला. एका कोठारांतून अनेक पंपांना पेट्रोल पोंचविणाऱ्या मोटारींनीं एकंदरींत कमींत कमी अंतर कसें तोडावें, असा तो प्रश्न होता. पुढें १९६४ सालीं क्लार्क व राइट यांनीं एक सुटसुटीत युक्ति सांगितली. प्रत्येक दुकानासाठीं स्वतंत्र खेप आहे असें प्रथम धरावें. मग ज्या दोन खेपा जोडल्यानें सर्वांत अधिक अंतर वांचेल, त्या जोडाव्या. आणि मोटार भरेपर्यंत हेंच करीत जावें. या युक्तीनें निघणारें उत्तर सर्वोत्तम असेलच असें नाहीं, परंतु तें लवकर मिळतें व बहुधा कामास पुरतें.

वाट ठरविणें हें या आज्ञावलीचें एकच काम नव्हे. लोखंडी खिळ्यांच्या पेट्या भरल्या, तर मोटारींत पुष्कळ जागा शिल्लक असतांनाच वजनाची मर्यादा संपते. कापसाच्या गाद्या भरल्या, तर जागा संपते, पण वजन नाममात्रच राहतें. खालीं खिळे आणि वर गाद्या ठेवल्या, तर दोन खेपांचें काम एका खेपेंत होऊं शकतें. अशा जोड्या ती शोधते. नंतर भाडें व पूर्वीचा चोखपणा पाहून एका वाहतूकदाराला काम देऊं करते. त्यानें ठराविक वेळांत होकार दिला नाहीं, तर दुसऱ्याला विचारते. वाटेंत मोटार कोठें आहे हें ती दाखविते, आणि शेवटीं आलेलें बिल ठरलेल्या दराशीं ताडून पाहते.

कागदपत्रांचाहि हिशेब तिला ठेवावा लागतो. १ एप्रिल १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजार रुपयांहून अधिक किंमतीचा माल परराज्यांत नेतांना सामान्यतः ई-वे बिल लागतें. साध्या वाहनाला दर २०० किलोमीटरांस एक दिवस, असा १ जानेवारी २०२१ पासूनचा नियम आहे. म्हणजे पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या, आठशें किलोमीटरांहून कांहींसें अधिक अंतर तोडणाऱ्या मोटारीस पांच दिवस मिळतात. मोटार वाटेंत मोडली, तर ही मुदत वेळींच वाढवून घ्यावी लागते.

परंतु या सर्व हिशेबाला एक मर्यादा आहे. नोंद चुकीची असेल, तर निर्णयहि चुकीचाच निघतो. नकाशावर सरळ दिसणारी वाट पावसाळ्यांत चिखलानें भरलेली असूं शकते. तें ड्रायव्हरला ठाऊक असतें, यंत्राला कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं. शिवाय आपल्याकडे पुष्कळशा मालमोटारी एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या आहेत. आज्ञावलीला केवळ ‘स्वस्त भाडें शोध’ असें सांगितलें, तर ती भाडें त्यांना परवडेनासें होईपर्यंत खालीं आणील. गोदामाच्या दारांत दिवसभर ताटकळलेल्या ड्रायव्हरचें हॉल्टिंग हिशेबांत धरलें नाहीं, तर तो खर्च तिच्या दृष्टीनें शून्यच ठरतो.

म्हणून यंत्राला काय मोजावयास सांगितलें आहे, हाच खरा प्रश्न होय. परतीचा माल, ड्रायव्हरचा वेळ आणि लहान मालकाची मजुरी हीं तिन्ही जेथें मोजलीं जातात, तेथें मोटार भरून परतते व वस्तूची किंमतहि आटोक्यांत राहते. जेथें तीं मोजलीं जात नाहींत, तेथें कागदावर बचत दिसते. पण ती कोणाच्या तरी घासांतून काढलेली असते.