काचेखालची जमीन कोणाची?

काचेवर उभे राहून खाली पाहण्याची हौस आता कोकणातही आली आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात वैभववाडी तालुक्यातील नापणे धबधब्यावर २०२५ च्या जुलैत काचेचा पूल खुला झाला. रत्नागिरीकरांनी मुलाबाळांसह तेथे जाऊन पाय लटपटल्याचा आनंद जरूर घ्यावा. पण अशा काचेखालची जमीन आदिवासींची असेल, तर तिकिटाचा पैसा कोणाच्या पदरात पडतो? अमेरिकेतील हुआलापाई या लहानशा आदिवासी जमातीला या प्रश्नासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली अफाट दरी. तिच्या पश्चिम भागात हुआलापाईंची सुमारे १० लाख एकर राखीव भूमी आहे. १८७४ मध्ये लष्कराने या लोकांना डोंगरातून हुसकून नदीकाठच्या उष्ण छावणीत कोंडले. कित्येक तेथेच मेले. उरलेले परतले आणि १८८३ मध्ये ही भूमी त्यांच्यासाठी राखली गेली. पण जमीन कोरडी. १९९० च्या दशकात त्यांनी जुगारघर काढून पाहिले, तेही चालले नाही.

मग लास व्हेगासचे व्यापारी डेव्हिड जिन यांच्याशी २००३ मध्ये करार झाला. त्यांनी सुमारे ३ कोटी डॉलर घालायचे आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. मार्च २००७ मध्ये घोड्याच्या नालासारखा काचेचा सज्जा खुला झाला. कड्यापासून ७० फूट पुढे आलेला! काचेला ओरखडा पडू नये म्हणून बुटांवर कापडी मोजे चढवायचे. कॅमेरा आत न्यायला बरीच वर्षे बंदी होती. फोटो हवा तर तेथलाच विकत घ्या. पूर्वजांची पवित्र भूमी विकायला काढली, म्हणून जमातीतील काही वृद्धांनी विरोधही केला होता.

पुढे पैशांवरून आणि अर्धवट राहिलेल्या इमारतीवरून भांडण जुंपले. २०१२ मध्ये जमातीच्या परिषदेने सार्वजनिक हितासाठी म्हणून जिन यांचा करारातील हक्कच संपादन केला. भूसंपादनाची नोटीस म्हटली की आपल्याला शेतकऱ्याच्या हातातला कागद आठवतो. येथे ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या, त्यांनीच भांडवलदाराला नोटीस दिली! मात्र त्याच वर्षी लवादाने जिन यांच्या कंपनीला सुमारे २ कोटी ८६ लाख डॉलर देण्याचा निवाडा दिला आणि जमातीच्या संबंधित कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. करार नीट न वाचण्याची शिक्षा म्हणा. तरीही सज्जा जमातीकडेच राहिला, कारण जमीन तिची होती. खाली वाहणाऱ्या नदीच्या पाण्यावरचा हक्क कायद्याने मिळायला मात्र २०२३ उजाडले.

आपल्याकडे मेळघाटात, चिखलदऱ्याला, सिडकोने सुमारे ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला. हा तालुका अनुसूचित क्षेत्रातला, डोंगर कोरकूंचे. वन्यजीवांच्या परवानगीसाठी काम अडले, त्याची चर्चा झाली. ती योग्यच होती. कोरकूंचा वाटा किती, हा प्रश्न त्या मानाने कोणी विचारला?

आणि रत्नागिरी? आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. खेड, दापोली, मंडणगडकडच्या कातकरी वाड्यांतील अनेक घरे दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. उद्या एखाद्या कड्यावर काच बसली, तर त्या वाडीला वाटा मागायला सातबारा कुठला? वनजमीन असेल तर मात्र २००६ चा वनहक्क कायदा येथेही आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. तेथून उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती. आपल्या गावाजवळ अशी वाडी असेल, तर हा अर्ज लिहून द्यायला शिकलेल्या मुलामुलींनी एक रविवार काढावा.