दस्तावरची अट

लेखमाला : कामाच्या गावी घर (लेखांक ६)

कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड स्प्रिंग्जहून अॅस्पेनला जायला हिवाळ्यात एकच रस्ता असतो, हायवे ८२. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. अॅस्पेनच्या पलीकडे ३,६८७ मीटर उंचीवर इंडिपेंडन्स पास नावाचा घाट आहे. नोव्हेंबरच्या सुमारास तो बर्फाने बंद होतो आणि मे महिना सरत आला की उघडतो. म्हणजे स्कीच्या ऐन हंगामात, गावाला माणसांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, सगळ्यांनी एकाच तोंडाने आत यायचं आणि त्याच तोंडाने बाहेर पडायचं. पहाटेच्या अंधारात या रस्त्यावर सुतार, नर्स, आचारी, शिक्षक, हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या बायका यांच्या गाड्यांची रांग लागते. काहींचं घर ग्लेनवूडच्याही पुढे, रायफलला असतं. तिथून एका बाजूचा प्रवासच शंभर किलोमीटरच्या वर जातो. हा रस्ता ज्या दरीतून जातो तिथल्या गावांना जोडणारी चांगली बससेवा आहे, २०१३ पासून तिची जलद बीआरटीही धावते. पण बर्फ पडला की बसही रखडते आणि दहा तास उभं राहून काम केलेला माणूस घरी पोचतो तो झोपण्यापुरता.

अॅस्पेनमधल्या प्रत्येक कामगाराची गत अशी नाही, म्हणून हा लेख. कायम वस्ती अवघी ७,००० च्या आसपास असलेल्या या गावात आणि भोवतालच्या पिटकिन काउंटीत आज सुमारे ३,००० घरं अशी आहेत, की ज्यांची किंमत किंवा भाडं बाजार ठरवत नाही. शेजारचं खुल्या बाजारातलं स्वतंत्र घर सरासरी एक कोटी डॉलरच्या वर गेलेलं असताना या घरांत बसचालक, शिक्षक, स्की शिकवणारे प्रशिक्षक राहतात. हे कसं साधलं आणि त्यात आज कुठे गळती लागली आहे, हे समजून घेणं आपल्याला फार गरजेचं आहे असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

अॅस्पेन मुळात चांदीच्या खाणींचं गाव. १८७९ नंतर वसलं, झपाट्याने वाढलं आणि १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची खरेदी थांबवल्यावर तितक्याच झपाट्याने ओस पडलं. १९३० पर्यंत जेमतेम ७०० माणसं उरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके तिथे आले. एकीकडे स्कीचे पाळणे उभे राहिले, दुसरीकडे १९४९ मध्ये जर्मन कवी गटेच्या द्विशताब्दीचा महोत्सव भरला आणि त्यातून संगीताचा व विचारांचा उन्हाळी हंगाम सुरू झाला. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात संगीत. पर्यटनाच्या गावाला वर्षातले दोन हंगाम मिळणं हे भाग्यच, पण जमिनीच्या भावालाही मग उसंत मिळत नाही.

सत्तरच्या दशकात गावाने एक मोठा निर्णय घेतला. दरी बिल्डरांच्या हाती द्यायची नाही म्हणून काउंटीने बांधकामाची घनता कमी केली, वर्षाला किती बांधायचं यावर मर्यादा आणली. दरी वाचली. आज तिथे जाणाऱ्याला जे मोकळे डोंगरउतार दिसतात ते त्या निर्णयामुळे. पण घरांची संख्या मर्यादित झाली आणि मागणी वाढतच राहिली, तेव्हा भाव चढणं अटळ होतं. निसर्ग राखण्याची किंमत कोणीतरी मोजतोच. ती सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या खिशातून जाऊ नये यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. अॅस्पेनचं मोठेपण मला यात वाटतं, की पहिला निर्णय घेतल्यावर काही वर्षांतच दुसराही घेतला. नवं हॉटेल किंवा बंगला बांधणाऱ्याने त्यामुळे जितक्या नोकऱ्या तयार होतील त्यांतल्या ठरावीक हिश्शासाठी घरं द्यायची किंवा त्यांचे पैसे भरायचे, असा नियम आला. आणि १९८२ मध्ये नगर व काउंटी यांनी मिळून गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन केलं.

या प्राधिकरणाच्या कामाचा गाभा म्हणजे घराच्या दस्तावर चढवलेली कायमची अट. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि जमीन कितीही हातांतून गेली तरी तो तिच्याबरोबर जातो, तशी ही अट घराबरोबर जाते. घर विकत घेणाऱ्याने पिटकिन काउंटीत वर्षाला किमान १,५०० तास काम केलं पाहिजे, वर्षातले किमान नऊ महिने त्या घरात राहिलं पाहिजे आणि दरीत त्याच्या मालकीचं दुसरं राहतं घर असता कामा नये. उत्पन्नानुसार गट पाडलेले आहेत. घर विक्रीला निघालं की सोडत निघते. ज्याची स्थानिक नोकरीची वर्षं जास्त, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त.

सोडत आपल्याला नवी नाही. म्हाडाच्या सोडतीच्या दिवशी मुंबई-पुण्यातल्या किती घरांत देव पाण्यात ठेवलेले असतात हे सांगायला नको. फरक पुढे आहे. म्हाडाचं घर लागलं की पाच वर्षं विकता येत नाही. त्यानंतर परवानगी घेऊन बाजारभावाने विकता येतं. म्हणजे सरकारने स्वस्तात दिलेलं घर सहाव्या वर्षी महागाच्या रांगेत जाऊन बसू शकतं. ज्याला लागलं त्याचं भलं झालं, त्याबद्दल मला असूया नाही. पण त्याच्यामागून येणाऱ्या कामगारासाठी ते घर संपलं. अॅस्पेनमध्ये विक्रीची किंमतही दस्तातच बांधलेली असते : बहुतेक घरांना वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढ, आणि महागाईचा दर त्याहून कमी असेल तर तेवढीच. समजा एखाद्या नर्सने तीन लाख डॉलरला घर घेतलं. दरसाल ३ टक्के सरळ वाढीने दहा वर्षांनी ती ते फार तर तीन लाख नव्वद हजारांना विकेल. तेवढ्या काळात शेजारचं घर दुप्पट झालं असलं तरी तिला त्यातलं काही मिळणार नाही. पण तिच्यामागून येणारी नर्सही ते घर घेऊ शकेल, आणि तिच्याही मागून येणारी. एकदा खर्च केलेला सार्वजनिक पैसा पिढ्यान् पिढ्या कामाला येतो तो या एका अटीमुळे.

पैसा कुठून येतो? नगरात मालमत्ता विकली गेली की खरेदीदाराने पहिले एक लाख डॉलर वगळून उरलेल्या किमतीवर १ टक्का कामगारांच्या घरांच्या निधीत भरायचा. एक कोटीच्या बंगल्यामागे ९९,००० डॉलर. ज्या तेजीने कामगार गावाबाहेर ढकलला जातो, तीच तेजी त्याच्या घराचा खर्च उचलते, हे या कराचं सौंदर्य आहे. कोलोरॅडोत १९९२ मध्ये राज्यघटना दुरुस्त होऊन असे नवे कर लावायला बंदी झाली. अॅस्पेनचा कर त्याच्या थोडं आधीचा असल्याने टिकला; ज्या डोंगरी गावांनी उशीर केला त्यांना तो दरवाजा बंद झाला. पुढे २०२२ मध्ये अॅस्पेनच्या मतदारांनी पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर वेगळा कर बसवला आणि त्याचा ७० टक्के भाग याच कामासाठी राखला. आपल्याकडेही २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरला घरखरेदीवर १ टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. तेव्हा असा कर आपल्या व्यवस्थेत बसत नाही, असं कोणी म्हणू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अट कागदावर चढवणं सोपं. चाळीस वर्षं ती कोणालाही उतरवू न देणं अवघड. अॅस्पेनमध्ये ती टिकली, कारण त्या तीन हजार घरांतली माणसं तिथली मतदार आहेत. बंगल्यांचे मालक बहुतेक दुसऱ्या राज्यांत मतदान करतात. नगरपरिषदेची निवडणूक आली की बसचालक आणि शिक्षिका मत देतात. परिषदेवर निवडून आलेल्यांपैकीही काही जण याच घरांत राहिलेले आहेत. घरं मिळाली म्हणून कामगार गावाचे रहिवासी झाले, आणि रहिवासी झाले म्हणून घरांचं रक्षण करू शकले.

या व्यवस्थेतल्या अडचणीही तितक्याच मोकळेपणाने मांडायला हव्यात. पहिली दुरुस्तीची. घराची किंमत बांधलेली असली की छतावर खर्च केलेला पैसा विकताना पूर्ण परत मिळेल याची खात्री नसते. मग सोसायटीच्या सभेत दुरुस्ती निधी वाढवायचा विषय निघाला की हात वर जात नाहीत. तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतींची लाकडं कुजतात, छतं गळतात आणि ते काम कोणी करायचं यावर वर्षानुवर्षं खल चालतो. दुसरी, देखरेखीची. कोणी घर गुपचूप भाड्याने देतो, कोणाचे १,५०० तास भरत नाहीत. तक्रारी, चौकशा, कोर्टकज्जे होतात.

तिसरी सर्वांत नाजूक आहे. ऐंशीच्या दशकात तिशीत असलेली माणसं आता निवृत्त झाली आहेत. नियमाप्रमाणे काम केलेल्यांना निवृत्तीनंतर त्याच घरात राहता येतं. मुलं दूर गेली, तीन खोल्यांतल्या दोन रिकाम्या, पण लहान घरात जायचं तर पुन्हा सोडतीची धाकधूक. मग कोण हलणार? घर आहे, अट आहे, पण त्या घरातून सकाळी कामाला कोणी निघत नाही. काही जण म्हणतात, निवृत्तांनी घर सोडावं. मला ते मान्य नाही. ज्या बाईने तीस वर्षं गावाच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या तिला म्हातारपणी दरीच्या खालच्या टोकाला पाठवायचं असेल, तर ती घरं नव्हेत, बराकी झाल्या. लहान घराची हमी आधी हातात द्यावी, मग मोठं मागावं. आणि दर पिढीला नवी घरं बांधत राहावं लागेल हे हिशेबात धरावं. विमानतळाजवळ नगराने घेतलेल्या जमिनीवर २७७ घरांचा आराखडा झाला आहे, तो याच गरजेतून.

हंगामापुरता आलेला कामगार मात्र या सगळ्याच्या बाहेरच राहतो. दक्षिण अमेरिकेतले विद्यार्थी त्यांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे अॅस्पेनच्या हिवाळ्यात, पाळणे चालवायला येतात; त्यांना सोडतीचा काय उपयोग? त्यांच्यासाठी मॅरोल्ट रँचची वसतिगृहासारखी घरं आहेत : उन्हाळ्यात तिथे संगीताचे विद्यार्थी राहतात, हिवाळ्यात हंगामी कामगार. एकाच इमारतीला दोन्ही हंगामांत माणसं. आणि भांडी घासणारे, बांधकामावरचे मेक्सिको-एल साल्वादोरकडून आलेले कितीतरी मजूर आजही दरीत खाली असलेल्या कार्बनडेल गावाच्या आसपास जुन्या फिरत्या घरांच्या वस्त्यांत राहतात आणि हायवे ८२ च्या रांगेत उभे असतात.

त्याच राज्यातल्या व्हेल गावाने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. बांधायला जमीन उरली नाही, तर उभ्या घरांवरची अट विकत घ्यायची. घरमालकाला नगर रोख रक्कम देतं. त्या बदल्यात त्या घरात यापुढे काउंटीत काम करणारा माणूसच राहील, अशी कायमची नोंद दस्तावर होते. किमतीवर बंधन नाही, त्यामुळे घर फार स्वस्त होत नाही, पण सुट्टीपुरता येणारा धनिक त्या स्पर्धेतून बाद होतो. जमीन संपल्यावर सुचलेला उपाय म्हणून मला तो चांगला वाटतो. पण सगळ्यात स्वस्त अट ती, जी जमीन महाग होण्याआधी चढते.

म्हणून आपल्याकडे पाहावं लागतं. गोव्यात कळंगुट-बागाच्या हॉटेलांत काम करणारी मुलं कर्नाटक, ओडिशा, झारखंड, नेपाळहून येतात. एका खोलीत कितीतरी जण मिळून राहतात. त्यांचं मत गावी असतं, इथे नसतं, त्यामुळे पंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या खोलीचा प्रश्न निघत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला; किनाऱ्यावरची जमीन कशी चढत गेली ते मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला विचारावं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडणे आणि त्याला लागून असलेल्या सावंतवाडी-दोडामार्ग भागात तेच आणखी वेगाने होतं आहे. आणि साताऱ्यात कोयनेच्या काठच्या दोनशेहून अधिक गावांच्या मुलखात नवं महाबळेश्वर आखलं जातं आहे. तिथे खोल्या आवरणारी, स्वयंपाक करणारी, गाडी चालवणारी माणसं कुठे राहतील, हे हॉटेलांचे भूखंड जिथे दाखवले जातील त्याच नकाशावर दाखवलं पाहिजे, आणि त्या घरांच्या दस्तावर अट पहिल्याच दिवशी चढली पाहिजे. पाच वर्षांनी उतरणारी नको. त्या गावांतल्या ज्या कुटुंबांच्या जमिनी या आखणीत जातील, त्यांच्या मुलांनाच तिथल्या नोकऱ्या लागल्या तर पहिला हक्क त्यांचा असावा.

पुढच्या लेखात कॅनडातलं व्हिस्लर. तिथे सोडतीऐवजी प्रतीक्षायादी आहे, आणि २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं खेळाडूंचं गाव स्पर्धा संपल्यावर स्थानिक नोकरदारांची वस्ती झालं.