गंगाजळी कंपनीची, हक्क कोणाचा?

२०२४ च्या फेब्रुवारीत मेटा या कंपनीने आणि एप्रिलमध्ये गूगलची मालकी असलेल्या अल्फाबेटने भागधारकांना लाभांश जाहीर केला. दोन्ही कंपन्यांच्या इतिहासातील हा पहिलाच लाभांश. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात लाभांश देणे म्हणजे वार्धक्याची कबुली देणे, अशी एक समजूत रूढ आहे. ज्याला नवे काही सुचेनासे झाले त्याने पैसे वाटावेत, हा तिचा मथितार्थ. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

शेअर बाजारात उलाढाल करणाऱ्या मूठभरांपुरताच हा प्रश्न उरलेला नाही. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा काही हिस्सा २०१५ पासून शेअर बाजाराशी निगडित निधींत गुंतवला जाऊ लागला. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना व म्युच्युअल फंड यांच्या वाटेनेही पगारदारांची बचत तेथे पोचते. ज्याने आयुष्यात कधी शेअर विकत घेतला नाही, असा कारकून वा शिक्षकही आज अप्रत्यक्ष भागधारक झाला आहे. तेव्हा कंपनीच्या तिजोरीतील नफ्याचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार पूर्वीच केला आहे. कर नाहीत, व्यवहाराला खर्च नाही आणि सर्वांना सर्व माहिती आहे असे गृहीत धरल्यास लाभांश दिला काय नि न दिला काय, भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही, असे मिलर व मोदिग्लियानी यांनी १९६१ साली दाखवून दिले. परंतु व्यवहारात ही गृहीते टिकत नाहीत. मायकेल जेन्सन यांनी १९८६ साली नेमके त्यावर बोट ठेवले. किफायतशीर गुंतवणुकीला पुरून उरलेली रोकड व्यवस्थापकांच्या हाती राहिली की ती वायफळ विस्तारावर उधळण्याचा मोह त्यांना होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ॲपलचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तोट्याच्या काळात, १९९५ च्या अखेरीनंतर, तिने लाभांश थांबवला. १९९७ साली तर प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक स्वीकारण्याची वेळ तिच्यावर आली. अशा स्थितीत पै पै राखून ठेवणे हेच शहाणपण होते. पण २०१२ च्या आरंभी तिची रोकड व गुंतवणूक ९,७०० कोटी डॉलरवर गेली होती. आणीबाणीच्या दिवसांतील काटकसर भरभराटीतही चालू ठेवण्याचे समर्थन आता कठीण झाले, आणि त्या वर्षी लाभांश पुन्हा सुरू झाला. त्यामुळे कंपनी खंगली काय? २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले.

पैसा हाताशी असला की तो कसा जातो, हेही पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली नोकियाचा दूरध्वनी व्यवसाय घेतला आणि पुढल्याच वर्षी त्यापायी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. आपल्याकडील सत्यमची कथा अधिक दारुण. तिची रोकड प्रवर्तकांच्या कुटुंबीयांच्या कंपन्या घेण्यासाठी वापरण्याचा बेत डिसेंबर २००८ मध्ये आखला गेला आणि भागधारकांच्या संतापामुळे तो सोडावा लागला. पुढच्याच महिन्यात अध्यक्षांनी कबूल केले, की ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी मुळात अस्तित्वातच नव्हते! सत्यम लाभांश देत नव्हती असे नाही. पण कागदावरची गंगाजळी किती फसवी असू शकते, याचा हा धडा विसरता येणार नाही.

अर्थात, नाण्याला दुसरी बाजू आहे. इंटेलने १९९२ पासून नियमाने लाभांश दिला, स्वतःच्या शेअरांच्या पुनर्खरेदीवरही अब्जावधी डॉलर खर्चिले. दरम्यान चिपनिर्मितीत तैवानच्या टीएसएमसीने तिला मागे टाकले. ऑगस्ट २०२४ मध्ये लाभांश स्थगित करण्याची आणि सुमारे १५ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा तिला एकाच वेळी करावी लागली. एकट्या लाभांशाने हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कारखाने मागे पडत असता पैसा वाटत राहणे परवडत नाही, हे खरे.

मग निकष कोणता? कंपनीचे वय नव्हे, आकारही नव्हे. राखून ठेवलेला रुपया कंपनीत जितके कमावील तितके भागधारकाला अन्यत्र मिळणार नसेल, तर तो कंपनीतच राहावा. एरवी तो परत करावा. हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र संचालकांची. आज नेमके उलटे आहे. आपल्याकडील प्रचलित नियमांनुसार संचालक मंडळाने शिफारस केलेला लाभांश वार्षिक सभा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. ही तरतूद एका अर्थी योग्यच आहे, कारण सभेच्या लोभापायी उद्योग रिकामा होता कामा नये. पण ज्यांच्या हाती अंतिम शब्द आहे, त्यांनी कारणेही दिली पाहिजेत. अमुक रक्कम राखली, ती अमुक कामासाठी, तिच्यापासून अमुक वर्षांत एवढी प्राप्ती अपेक्षित आहे, आणि गेल्या खेपेच्या अपेक्षेचे पुढे काय झाले, असा हिशेब दर वार्षिक अहवालात यावा. ‘भविष्यातील संधींसाठी’ एवढे मोघम शब्द पुरेसे नाहीत. भविष्यनिर्वाह निधीतील वर्गणीदाराला वार्षिक सभेत उभे राहता येत नाही. त्याच्या वतीने हा हिशेब मागणे, हे त्याचा पैसा सांभाळणाऱ्या निधींचे कर्तव्य आहे.