भिंतीला पोट आलंय? वरून सिमेंट थापू नका!

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगड-मातीखाली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत अशी कशी ढासळते? कारण ती एक भिंत नसतेच. आतून एक, बाहेरून एक आणि मध्ये मातीची भर. हादरा बसला किंवा पाणी मुरलं की दोन्ही बाजू सुटतात, भिंत फुगते.

गिलाव्याला केसाएवढी चीर असेल तर घाबरू नका. पण भिंतीला पोट आलं, कोपरा उभा फाटला, तर त्या खोलीत झोपायचं नाही. आधी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, मगच दुरुस्ती.

सिमेंट थापून फुगवटा नुसता झाकला जातो. माळवदाला टेकू देऊन तेवढी भिंत उतरवा आणि पुन्हा बांधा. बांधताना उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार जाणारा दगड बसवा. गवंडी कंटाळा करतो, समोर उभं राहून घालून घ्या. एवढा लांब दगड मिळाला नाही, तर तिथे सळई टाकून काँक्रीट भरलं तरी चालतं. आणि गळतं म्हणून वर्षानुवर्षे माळवदावर टाकलेले मातीचे जादा थर उतरवा, तेच ओझं अंगावर येतं.