चोवीस तासांची शर्यत आणि पाच मिनिटांचा गिअर बॉक्स

भंडारा जिल्ह्यात गिअर बॉक्स म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गाडेगावच्या अशोक लेलँड कारखान्यात ते तयार होतात आणि महामार्गाच्या कडेला ते खोलून बसणारे उस्तादही आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणूनच शर्यतीच्या मोटारीची ही हकीकत येथे देत आहोत.

फ्रान्समध्ये ल माँ या गावी 1923 पासून चोवीस तासांची शर्यत भरते. केवळ शर्यतीसाठी घडवलेल्या ज्या गाड्या तेथे धावतात त्यांना प्रोटोटाइप म्हणतात. एकच गाडी तीन चालक आळीपाळीने रात्रंदिवस हाकतात. 2010 साली विजयी ऑडीने 5,410 किलोमीटर अंतर कापले. भंडारा ते नागपूर अशा सुमारे नव्वद खेपा, तेही एका दिवसात!

इतक्या धावपळीत काहीतरी मोडणारच. ऑडीच्या आर-8 या गाडीचा आराखडा करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालले. गिअर बॉक्स आणि मागचे सस्पेन्शन त्यांनी एकाच जोडणीत बसवले. बिघाड झाला की गिअर खोलत बसायचे नाही. मागचा सगळा भाग उतरवायचा आणि तयार ठेवलेला दुसरा चढवायचा. काम सुमारे पाच मिनिटांचे. 2000 ते 2005 या काळात ही गाडी पाच वेळा जिंकली. आपल्याकडे एखादा बोल्ट चेसीच्या आड गेल्यामुळे अर्धा दिवस घालवलेल्या मेकॅनिकला या पाच मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको. आराखडा काढताना पाना धरणाऱ्याला विचारले की असे होते.

2006 मध्ये ऑडीची आर-10 ही डिझेलवर ल माँ जिंकणारी पहिली गाडी ठरली. साडेपाच लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन! डिझेलचा ओढा जबर असतो आणि तो सारा गिअरच्या दात्यांवर येतो, हे ट्रकवाल्यांना ठाऊकच आहे. दाता वरून कठीण हवा, नाहीतर झिजतो. आतून चिवट हवा, नाहीतर तुटतो. त्यासाठी मिश्र पोलाद घ्यायचे, कातायचे, मग भट्टीत त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून पाणी द्यायचे. वाहन उद्योगाला लागणारे असे खास पोलाद आपल्या वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यातही निघते. शर्यतीआधी गाडी दिवस-रात्र पळवून पाहतात. जो भाग मोडेल तो नव्याने घडवतात.

2009 मध्ये नारायण कार्तिकेयन याच आर-10 वर उतरणार होते, पण ऐनवेळी खांदा निखळला. 2012 मध्ये करुण चंढोक दुसऱ्या संघातून धावले आणि त्यांची गाडी सहावी आली. त्याच वर्षी डिझेलला विजेच्या मोटारीची जोड दिलेली ऑडी जिंकली.

विजेच्या मोटारीला फारसे गिअर लागत नाहीत, त्यामुळे या धंद्यात धाकधूक आहे. 2023 पासून सलग तीन वर्षे जिंकलेल्या फेरारीच्या गाडीत पुढच्या चाकांना विजेची मोटार आहे. मागच्या चाकांना मात्र सात गिअरांचा बॉक्सच बसवला आहे.