विसार दिला म्हणजे जागा झाली का?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले जुने वाडे एकेक करून उतरत आहेत आणि त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. गुंतवणूक म्हणून अशा जागा घेणाऱ्यांचा व्यवहार आधी विसार पावतीवर ठरतो, मग साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, होतं आणि शेवटी खरेदीखत. भांडणं पेटतात ती या मधल्या काळात. करार म्हणजे समोरच्याने काय करायचं त्याची यादी, असं दोन्ही बाजू धरून चालतात, म्हणून.

“विसार दिला, आता जागा माझीच.” तशी ती होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार नुसत्या स्वतःच्या बळावर जागेत कोणताही हक्क निर्माण करत नाही. सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं: साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांचा गठ्ठा हातात असला तरी मालकी येत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. विसार देणाऱ्याला मिळतो तो करार पुरा करून मागण्याचा हक्क.

आणि तो हक्क बजावताना सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पुढे येतो: “मालकानेच अडवलंय, मग मी पैसे कशाला जुळवू?”

समजा करारात ठरलंय की मालकाने आधी सगळ्या वारसांची नावं सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर लावून घ्यायची आणि त्यानंतर तीन महिन्यांत घेणाऱ्याने उरलेली रक्कम द्यायची. वारसनोंद झालीच नाही, तर मालकाला पैशांचा तगादा लावता येणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५४ यासाठीच आहे: ज्याचं काम आधी, त्याने ते केलं नाही तर त्याला दुसऱ्याकडून काही मागता येत नाही, उलट दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर ते भरून द्यावं लागतं. इथवर घेणारा सुरक्षित आहे. पण त्याला भरपाई नको, जागाच हवी असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम १६ आडवं येतं. आपला वाटा उचलायला आपण पहिल्यापासून तयार होतो आणि तशी इच्छाही होती, हे त्याला सिद्ध करावं लागतं. २०१८ च्या दुरुस्तीने न्यायालयांचा बराचसा स्वेच्छाधिकार काढून घेतला. ही अट मात्र राहिली. त्यामुळे मालक टाळाटाळ करतोय असं दिसलं की लेखी नोटीस द्यावी, पैशांची सोय असल्याचे बँकेचे कागद जपून ठेवावेत. दाव्याची मुदत ३ वर्षांची असते: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.

वाड्याच्या बाबतीत थोरल्या भावाची सही पुरते, असंही मानलं जातं. मुखत्यारपत्र नसेल तर ती सही सहसा त्याच्या हिश्श्यापुरतीच. आत जुना भाडेकरू असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला असू शकतं, आणि त्याच्याशी कोणी मिटवायचं हे साठेखतात लिहिलेलं नसेल तर पुढचा वाद ठरलेलाच. जागेतला किंवा हक्कातला ठाऊक असलेला मोठा दोष, जो घेणाऱ्याला साध्या चौकशीत दिसणार नाही, तो उघड करणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. त्याच कलमाची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. मालकाचा हिस्सा त्याला वाटतो त्याहून मोठा आहे आणि त्यामुळे किंमत बरीच वाढते, हे घेणाऱ्याला कळलं असेल आणि मालकाला ते माहीत नसावं असं दिसत असेल, तर घेणाऱ्याने ते सांगायला हवं. गप्प राहून स्वस्तात पदरात पाडून घेणं ही व्यवहारातली हुशारी नव्हे, कायद्याचा भंग आहे.

मुदत उलटली की करार आपोआप मेला, हेही खरं नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही. चांद राणी खटल्यात १९९२ च्या अखेरीस घटनापीठाने ते सांगितलं, पण करारात तसं स्पष्ट असेल तर मानला जातो, हेही सांगितलं. विसाराचंही तसंच. व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कमच, कसूर करणाऱ्याची, जप्त होऊ शकते; किमतीपोटी दिलेला हप्ता नाही, असा सतीश बात्रा प्रकरणातला २०१२ चा निवाडा आहे. पावतीवर ‘विसार’ लिहायचं की ‘आगाऊ रक्कम’, याला म्हणून एवढं महत्त्व.

वाडा पाडून झालेल्या फ्लॅटबद्दल “महारेरा आहेच की” असं ऐकू येतं. जागा ५०० चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे पाच गुंठ्यांच्या किंचित आत, किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर रेरा, म्हणजे स्थावर संपदेच्या नियमनाचा केंद्रीय कायदा, त्याखाली प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही, आणि पेठेतल्या अरुंद जागांवरच्या अनेक इमारती याच मापात बसतात. तिथे १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा, म्हणजे मोफा, हाताशी असतो. २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने नोंदणीकृत करार केलाच पाहिजे. रेरात ही मर्यादा १० टक्के आहे. ताबा लांबला तर रेरा बिल्डरकडून व्याज देववतो, आणि हप्ता थकवला तर ग्राहकाकडूनही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर २ महिन्यांत ताबा घेणं हीसुद्धा ग्राहकाची जबाबदारी आहे.